गिरणीचं वाक्य कुणाचं

जावई दारात आला की आमच्या आबांचा आवाज बदलतो. मी सूसवरून गावी, कासार आंबोलीला, जातो तेव्हा ते पडवीतून न उठता म्हणतात, "आलास? मोटार बंद कर जा, टाकी भरली आसंल." पंधरा मिनिटांनी सूसशेजारच्या चांद्याहून माझी धाकटी बहीण आणि दाजी येतात, तेव्हा तेच आबा टोपी सारखी करत उठून उभे राहतात. "या पावणं, या. एवढ्या उन्हाचं कशाला आला?" मीही त्याच उन्हातून आलेला असतो. माझं ऊन बहुधा वेगळं असावं.

आता दाजींनी थोडा तरी मान मागून घेतला असता, तर मला रागवायला बरं पडलं असतं. पण माणूस जळगावकडचा, आणि असह्य चांगला. आईनं केलेलं वांग्याचं भरीत ते दोनदा मागून घेतात. जळगावच्या माणसानं आमच्याकडच्या वांग्याच्या भरिताला चांगलं म्हणावं, याला दिलदारपणा म्हणतात. मला तो बघवत नाही. शिवाय पंचेचाळिशीतही त्यांच्या डोक्यावर सगळे केस आहेत.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. भावकीत गोष्टी सांगायचा मक्ता माझा होता. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणणारच, "ते आबांच्या गिरणीचं सांग की." मग मी आढेवेढे घ्यायचो, पाणी प्यायचो आणि सांगायचो. यात दाजी कुठेच नव्हते. ते पुढच्या रांगेत बसून हसायचे, तेही योग्य जागी.

आबांना एक्याऐंशीवं लागणार म्हणून बहिणीनं सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. त्या दिवशी आबांच्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढायचं आणि त्यातला एक प्रसंग सगळ्यांसमोर वाचायचा असं ठरलं. लिहिणार कोण, तर मी, हे उघडच होतं. मी म्हणालो, "बघतो, वेळ काढतो." मी वेळ काढेपर्यंत दाजींनी दोन रविवार आबांजवळ बसून वीस पानं लिहून टाकली.

आम्ही दोघंही हिंजवडीत कोड लिहून पोट भरणारे, फक्त त्यांची इमारत माझ्या इमारतीपेक्षा जास्त काचेची आहे. त्यामुळे साधी माणसं जे वहीत लिहितील ते आम्ही गिटमध्ये ठेवलं. गिट म्हणजे काय, हे बायकोला मी एकदा अर्धा तास समजावलं होतं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे भांडणाचा पुरावा." बरोबर आहे. फाइलीत कुणी काय घातलं, काय काढलं, कधी आणि कशासाठी, ते सगळं त्यात जपून राहतं. पुसलेलंसुद्धा.

दाजींनी फाइलीला नाव दिलं होतं 'सासरेबुवा'. बाप माझा, आणि त्याच्या आठवणी 'सासरेबुवा' या नावानं राहणार! मी पहिल्याच आठवड्यात नाव बदलून 'आबा' केलं. बदलाचं कारण एका ओळीत लिहायचं असतं. मी लिहिलं, 'नाव सुटसुटीत केलं.' खरं कारण त्या एका ओळीत मावलं नसतं.

त्यांचं लिहिणं सुधारायला मी त्याच्या आदल्या दिवशीच घेतलं होतं. लांब वाक्यं तोडली, आखूड होती ती जोडली. बरीच गाळली. दाजी प्रत्येक वेळी म्हणायचे, "छान झालं दादा." असं चार-पाच महिने चाललं.

मग एका सकाळी ऑफिसला जाताना, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असताना, मला एक वाक्य सुचलं. आबांनी पौडहून गिरणी आणली, त्या पहिल्या दिवसाबद्दलचं. नव्यानं टाकी लावलेल्या, म्हणजे छिन्नीनं खरवडलेल्या, दगडाची कच पहिल्या दळणात उतरते, म्हणून गावात पहिलं दळण द्यायला कुणी तयार होईना. शेवटी आबांनी घरचीच नाचणी घातली आणि आईनं त्या पिठाच्या भाकरी केल्या. त्यावर माझं वाक्य असं: 'गिरणीला त्या दिवशी कुणी नाव ठेवलं नाही, तोंडं गप्प होती दात तेवढे बोलत होते.'

मी गाडीतूनच दाजींना फोन लावला. "दाजी, एक वाक्य सुचलंय. ऐका."

त्यांनी ऐकलं. क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुंदर आहे दादा." तो क्षणभराचा थांबा मला फार आवडला. म्हटलं, लागलं बरोबर.

समारंभाच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी सकाळी, आम्ही सगळे कासार आंबोलीला जमलो. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी वाचत होतो आणि ते पडवीत तक्क्याला टेकून ऐकत होते. सहा पानं झाली तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गिरणीच्या वाक्यापाशी मात्र ते एकदम हसले. हसता हसता खोकले, उपरण्यानं डोळे पुसले आणि आत ओरडले, "आगं ऐकलंस का, दात बोलत व्हते म्हणं!"

आईनं आतूनच उत्तर दिलं, "बोलत व्हते न्हाईतर काय! माझी दाढ त्याच भाकरीनं गेली. तुमी हसा."

"हे बराबर लिवलंय," आबा म्हणाले. "लई बराबर. कुणी लिवलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बहीण म्हणाली, "ह्यांनी असणार. हे असं गमतीत लिहितात."

"मी लिहिलंय ते."

"दादा, तुला सगळंच तू लिहिलंय असं वाटतं. लहानपणी माझे निबंधसुद्धा तूच लिहिले होतेस म्हणे."

"लिहिलेच होते!"

आबांनी हात वर केला. "थांबा. ज्यानं हे लिवलं, त्यानंच त्या दिवशी वाचायचं. मंग दुसरा कुणी का आसंना." दुसरा म्हणताना त्यांची नजर दाजींकडे गेली, असं मला वाटलं. मला तसं नेहमीच वाटतं.

एरवी मी ते हसण्यावारी नेलं असतं. पण त्या दिवशी सगळी भावकी बसणार होती, आबांच्या शेजारी माइक असणार होता, आणि त्या माइकशी जावई उभा असलेला मला दिसायला लागला. मी लॅपटॉप उघडला.

गिटमध्ये फाइलीचा इतिहास दाखवणारी एक कमांड आहे. काळी खिडकी, चित्र नाही, माऊस नाही. एक ओळ टाइप करायची आणि फाइलीचं नाव द्यायचं. मग ती फाइल आजपासून एकेक पाऊल मागे चालत जाते. प्रत्येक पावलावर कुणाचं नाव, कधी, काय कारण. घातलेली ओळ हिरवी, काढलेली तांबडी. मी खाली सरकत गेलो आणि बोट ठेवलं. गिरणीची ओळ, हिरवीगार, वर माझं नाव, कारण: 'गिरणीचा प्रसंग खुलवला.'

"आणि ही कोणाची?" बहिणीनं विचारलं. दुसऱ्या दिवशीची एक नोंद होती, दाजींची. त्यांनी 'गप्प होती' नंतर माझा राहिलेला स्वल्पविराम घातला होता. बस, एवढंच.

"स्वल्पविराम त्यांचा," मी मोठ्या मनानं म्हणालो. "वाक्य माझं."

दाजी मान हलवून म्हणाले, "हो. दादांचंच आहे."

आबा स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत होते. त्यांना अक्षर दिसत नव्हतं, पण कामाची गोष्ट कळली होती. "ह्ये फेरफारासारखंच की. कुणाकडनं कुणाकडं गेलं त्याची नोंद."

"तसंच, आबा."

"पर एक हाय. आपल्या वरच्या वावराचा गट नंबर झाला, तवा मागचं कायबी घावंना. जुना सर्वे नंबर काढला, तवा कुटं कळलं मूळ जमीन कुणाची." मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरं, तूच वाच मंग त्या दिवशी. चला, जेवून घ्या. पावणं, उठा."

पहिली भाकरी दाजींच्या ताटात पडली. मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. मी तर त्यांना ठेचा पुढे केला.

जेवण झाल्यावर सगळे लवंडले आणि मी लॅपटॉप घेऊन मागच्या पडवीत गेलो. कशाला? खरं सांगतो, आनंद पुरता चाटून घ्यायला. दाजींनी सुरुवातीला लिहिलेली वीस पानं किती पांचट होती ते मला पुन्हा एकदा बघायचं होतं. पण इतिहास 'आबा' या नावाशी येऊन संपत होता, कारण नाव मी बदललं होतं. नावाच्या मागे जायचं तर त्या कमांडला 'फॉलो' हा शब्द जोडावा लागतो, म्हणजे ती जुन्या नावाच्या मागावर जाते. जुना सर्व्हे नंबर काढतात तसं. मी शब्द जोडला.

'सासरेबुवा' उघडलं. आणि माझ्या पहिल्याच सुधारणेत, मी काढून टाकलेल्या ओळींमध्ये, एक तांबडी ओळ होती: 'गिरणीला त्या दिवशी कुणी नाव ठेवलं नाही; तोंडं गप्प होती, दात तेवढे बोलत होते.' स्वल्पविरामासकट. काढल्याचं कारण माझ्याच शब्दांत होतं: 'पाल्हाळ कमी केला.'

म्हणजे वाक्य दाजींचं. मी ते पाल्हाळ म्हणून मारलं, विसरलो, आणि काही महिन्यांनी गाडीत बसून मला ते सुचलं. सुचलं! वर फोन करून ज्याचं त्यालाच ऐकवलं.

क्यू दाबला की ती काळी खिडकी बंद होते. घरात ती उघडता येणारी माणसं दोनच. एक मी, आणि दुसरा बोलणारा नव्हता. मी क्यूवर बोट ठेवलं.

तेवढ्यात दाजी हातपाय धुवायला मागे आले. माझ्या तोंडाकडे, मग स्क्रीनकडे बघितलं आणि नळ चालू केला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"जाऊ द्या ना दादा."

"फोनवर का नाही बोललात?"

"तुम्ही इतके खुशीत होता. मला वाटलं, सांगून काय होणार?" हात रुमालाला पुसत ते म्हणाले, "आणि खरं सांगू? आबा मला सगळंच पहिलं देतात. मला फार ओशाळल्यासारखं होतं. म्हटलं, एक वाक्य तुमच्याकडे राहिलं तर बिघडलं कुठे?"

झालं! त्यांनी भांडून वाक्य मागितलं असतं तर मी फाइल जाळली असती, पण दिलं नसतं. त्यांनी लबाडी केली असती तर तो राग मी आयुष्यभर सांभाळला असता. पण ते मला वाक्य *देत* होते. ओवाळणीसारखं! म्हणजे त्या दिवशी मी माइकसमोर उभा राहणार, सगळे हसणार, आणि पुढच्या रांगेत हा माणूस मनातल्या मनात दिलदार होऊन बसणार. आणि टाळ्या मला! छे. तेवढं मी त्याला मिळू देणार नव्हतो.

लोक म्हणतात खरं बोलायला मोठं मन लागतं. माझं त्या वेळी सुपारीएवढं झालं होतं, तरी मी उठलो.

आबा जागेच होते. मी म्हणालो, "आबा, ते गिरणीचं वाक्य दाजींचं आहे. जुन्या नावावर सापडलं. मी काढलं होतं आणि माझं समजून परत घातलं."

आबा उठून बसले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, बापासारखं, जपून ठेवण्यासारखं.

"मंग पावणं वाचतील," ते म्हणाले. "तू खुर्च्यांचं बघ."

"बघतो."

"आन् मंडपवाल्याला फोन लाव. परवापासनं उचलंना."

दाजी मागे दारात उभे होते. "आबा, दादाच वाचू देत. मला नाही जमणार. ते किती छान सांगतात."

"दाजी, तुम्ही आता एक शब्द बोलू नका," मी म्हणालो. ते इतक्या जोरात निघालं की आतून बायको म्हणाली, "काय करपतंय का तिकडे?"

समारंभाला खुर्च्या कमी पडल्या नाहीत, हे मी नमूद करतो. दाजी माइकसमोर उभे राहिले ते कागद उलटा धरून, आणि मला फार बरं वाटलं. आवाज बसका, नजर कागदावर. मी असतो तर आधी पाणी प्यायलो असतो, आईकडे बघून डोळे मिचकावले असते. पहिलं पान त्यांनी सातबारा वाचावा तसं वाचलं. मागच्या ओळीतला चुलतभाऊ माझ्या कानाशी लागला, "आरं, तू का न्हाई सांगत?" मी खांदे उडवले. ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या मिनिटांपैकी होती.

मग गिरणी आली. 'तोंडं गप्प होती' म्हणून दाजी थांबले. घाबरून थांबले की मुद्दाम, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या थांब्यात आबा हसायला लागले. पुढचं यायच्या आधीच. आई पदर तोंडाला लावून गदगदायला लागली. मग 'दात तेवढे बोलत होते' आलं आणि अख्खा मंडप उसळला.

तसा थांबा मला कधी सुचला नसता. मी ती गोष्ट वीस वर्षं सांगतोय, पण त्या भाकरीपाशी कधी थांबलो नाही. जळायचं तेवढं जळलो, आणि अजून जळतो. पण सगळे नुसते हसतच होते, टाळ्यांचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या मी सुरू केल्या. म्हटलं, हे तरी दुसऱ्या कुणाच्या आधी माझ्याकडून व्हावं.