बादलीच्या तळाचा गाळ

कुणी काहीही विचारलं की सर आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ठाऊक न्हाई. बघाय पायजे." एवढा शिकलेला माणूस इतक्या सहज असं म्हणतो, हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर नशीबवान आहात.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी झाडलोट करायची. नव्वद सालानंतरची गोष्ट. रोजंदारीवर होते, पदरात दोन मुली. सर दगडांचा विषय शिकवायचे. गाव कोडोली, बोलणंही गावचंच. मला आक्का म्हणायचे.

एकदा त्यांनी कच्छहून एक दगड आणला. त्यात बोटाएवढा काळा दात.

"आक्का, मगरीच्या चुलत-आज्जाचा दात हाय ह्यो. माणूस जन्माला यायच्या लई आधीचा."

मी भीत भीत विचारलं, "माणसं खाल्ली असती का त्यानं?"

"ठाऊक न्हाई. बघाय पायजे," म्हणाले आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दगडाला चिखल चिकटलेला. एवढा जुना पाहुणा, मळका कसा ठेवायचा? नारळाच्या शेंडीनं देवाची भांडी घासावीत तसा मी तो लख्ख घासला.

हेडक्लार्क दारातूनच ओरडले, "बाई, घात केलास की! त्या चिखलासाठीच सर एवढ्या लांब गेलतं. आता उद्यापासनं येऊ नगंस!"

सर आले. दगड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी. मुलींच्या शाळेचं काय, एवढंच डोक्यात.

"आक्का, पाणी कुठं वतलं?"

"वतलं न्हाई सर. जास्वंदीला घालाय ठेवलंय."

आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड यायचं. धुतलेलं पाणी फेकायची मला सवयच नव्हती.

सर बादलीपाशी उकिडवे बसले. "कुणी धक्का लावू नका रं!"

गाळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही तिथंच. मग त्यांनी तो माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळला, उन्हात वाळवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी भिंगातून पाहिलं. मोहरीहून बारीक शिंपल्या!

"ह्या खोल समुद्रातल्या. मगर काठावरची. दोन्ही एका चिखलात कशी आली सांग."

"एखादी मोठी लाट आली असंल," माझ्या तोंडून गेलं आणि मीच लाजले.

"मला बी तसंच वाटतंय. पण ठाऊक न्हाई."

"मग ह्या बाईचं काय करायचं, सर?" हेडक्लार्क.

"करायचं काय? उद्या येईल की कामाला. पण आक्का, दगडाला आंघोळ घालायच्या आधी मला इचारत जा."

मी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

पुढं सर निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेलेच. दोन हजार चारच्या डिसेंबरात टीव्हीवर त्सुनामीची ती लाट पाहिली, रस्त्यावर आलेल्या होड्या पाहिल्या. मनातल्या मनात म्हटलं, "सर, बघताय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांचं जुनं दगडांचं कपाट उघडलं. मागच्या बाजूला काचेची बाटली होती, तळाशी करडा गाळ. मी चौथी शिकलेली. बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी अक्षर लावत वाचली. 'लाटेचा गाळ? आक्कांच्या बादलीतून.'

प्रश्नचिन्ह त्यांनी शेवटपर्यंत खोडलं नव्हतं. मी बाटली कोरड्या फडक्यानं बाहेरूनच पुसली आणि होती तिथं ठेवली.