मध सरी गया, राजे

आमची पलटण तेव्हा उत्तर सीमेवर होती. ठाणं उंचावर. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज राहायचं, मग चहा, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. परत आल्यावर बंकरवरचा बर्फ काढायचा आणि हत्यारं पुसायची. समोर चीन. दुर्बिणीतून त्यांचे जवानही बर्फच काढताना दिसायचे. करमणूक म्हणाल तर एवढीच.

आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब चिनी भाषेचा कोर्स करून आलेले. समोरच्या माणसाचा इतिहास ठाऊक हवा, असं त्यांचं मत. म्हणून रविवारी बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीभोवती बसवून ते आम्हाला तिकडच्या जुन्या गोष्टी सांगत. त्यातली एक आम्हाला जन्माची चिकटली. एका सरदाराची, जो स्वतःच स्वतःला बादशाह करून बसला. त्याचं नाव मला पाठ आहे. पण मी ते घेणार नाही.

हा गडी मोठ्या घराण्यातला. शौर्य काही नाही, आडनाव मात्र भारी. राजधानीत गोंधळ माजला तेव्हा सगळ्या सरदारांनी फौजा काढल्या, यानेही काढली. लढायला पुढे पाठवलं दुसऱ्याला. तो दुसरा खरा सेनापती होता, जिंकत चालला होता. कोणीतरी याच्या कानाशी लागलं की हा फार मोठा झाला तर तुम्हाला कोण विचारणार? झालं. यानं मोर्चावरच्या पलटणीचं राशन थांबवलं.

मेजर साहेब इथे थांबले होते. सिव्हिलमधल्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. पण आमचं राशन खेचरावरून यायचं, आणि खेचर आलं नाही तर काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. त्या क्षणी बादशाहाचा निकाल लागला. पुढचं फक्त ऐकायचं होतं.

पुढे तर मजाच मजा. जुन्या घराण्याची राजमुद्रा त्या सेनापतीच्या हाती लागली होती. तो लढाईत मेला. तर ह्या शूरानं त्याच्या विधवेला अडकवून ठेवून तिच्याकडून ती मुद्रा काढून घेतली, असं सांगतात. आता शिक्का हातात आला म्हणजे माणूस राजा होतो का? आमच्या हेडक्लार्ककडेही युनिटचा गोल शिक्का होता. तो कधी सी.ओ.च्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाच्या, खुर्चीत बसला नाही.

शिक्क्यावर भागलं नाही. त्या काळी एक भविष्य फिरत होतं, पुढचा राजा कोण होणार त्याचं, आणि त्यात रस्त्याचा काहीतरी उल्लेख होता. याच्या नावाचा अर्थ निघत होता रस्ता. म्हणजे मीच! सल्लागार नको नको म्हणत राहिले आणि हा गादीवर बसला. त्या हिशोबानं आपला सुरतेचा रिंगरोड जगाचा चक्रवर्ती व्हायला हवा होता. त्यावर निदान वाहतूक तरी होते.

मग महाल. महालात शेकडो बायका, प्रत्येकीच्या अंगावर उंची रेशीम, कोठारात मांस सडतंय, आणि बाहेर जवान थंडीनं आणि उपाशीपोटी मरतायत. जवान निघून गेले, दोस्त निघून गेले. महाल जाळून हा जुन्या हाताखालच्यांकडे आसरा मागायला गेला, त्यांनी दार उघडलं नाही. शेवटी ज्या सावत्र भावाला दासीचा पोर म्हणून आयुष्यभर हिणवलं, त्यालाच निरोप धाडला, बादशाही तू घे. त्याच्याकडे निघाला, तर वाटेत उन्हाळ्यानं गाठलं. भटारखान्यात नुसता गव्हाचा कोंडा उरला होता. आणि महाराजांनी काय मागितलं? मधाचं पाणी! मध नव्हता. उघड्या खाटेवर बसून, माझ्यावर ही वेळ यावी, असं ओरडून, रक्त ओकून मेला. एवढा मोठा इतिहास, त्यात याची कमाई काय? न मिळालेला मध.

लान्स नायक भटू सोनवणेनं ही गोष्ट ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "ह्याले पेश करना पडी."

भटू शिंदखेड्याकडचा, मी अंमळनेरचा. दोघांच्या घरी अहिराणी, दोघांचे काका सुरतेत मागावर. पेशी म्हणजे काय ते सांगतो. जवानाकडून चूक झाली की त्याला सी.ओ.समोर उभं करतात. आधी हुकूम होतो, "टोपी-बेल्ट उतार!" मग बोडक्या डोक्यानं, ढिल्या पँटनिशी, तेज चाल करत आत. पँट हातानं सावरताही येत नाही. शूरातला शूर माणूस तिथे बारीक होतो.

बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, आम्ही बादशाहाची पेशी लावली. बादशाह मी, कारण पोट तेव्हाही होतं. बाकी सगळे भटू. तोच सी.ओ., तोच लांगरी, म्हणजे आमचा फौजी स्वयंपाकी.

"नाव?"

"बादशाह!"

"हाई नाव शे का हुद्दा?"

"हुद्दा."

"तुले बादशाह कोणी करं?"

"मीच!"

"बरं. मंग लांगरी बी तूच व्हय."

शेवटी मी खाटेवर पडून मध मागायचो. भटू लांगरी होऊन अॅल्युमिनियमचा मग घेऊन यायचा, अदबीनं वाकायचा आणि म्हणायचा, "मध सरी गया, राजे. पानी शे." मध संपला, पाणी आहे, असं. मी हात पुढे केला की तो ते पाणी स्वतःच पिऊन टाकायचा. मेजर साहेब हसून हसून मफलरनं डोळे पुसायचे. तेव्हापासून पलटणीत माझं नाव राजे पडलं.

दोन पोस्टिंगनंतर, पीस स्टेशनला असताना, हुकूम आला. तापी सुरत शहरात शिरली होती. फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, दुपारी रवाना. मी हवालदार, माझ्या बोटीवर भटू आणि दोन जवान. आम्हाला मिळाली अमरोलीच्या अलीकडची एक सखल वस्ती.

वस्तीत एक मागाचा कारखाना, वर पत्र्याचं छप्पर. त्याला लागून अरुंद गल्ली, गल्लीपलीकडे तीनमजली पक्की इमारत. कारखान्याच्या पत्र्यावर कामगारांची कुटुंबं बसलेली, खाली भिंतीला पाणी धडका देतंय. माणसं इमारतीच्या गच्चीवर का गेली नाहीत, ते मला कळेना. बोट जिन्याच्या खिडकीला लावली तेव्हा कळलं. जिन्यातही माणसं कोंबलेली, आणि वर गच्चीच्या लोखंडी जाळीला कुलूप.

जाळीआड मालक. त्याला आबाशेठ म्हणत. आपल्याकडचाच. आधी मागावर कामगार, मग मुकादम, मग आपल्याच गावच्या पोरांना दमात घेऊन, एकेक माग करत, कारखान्याचा धनी. सकाळी हेलिकॉप्टरनं टाकलेली जेवणाची पाकिटं नेमकी त्याच्या गच्चीवर पडली होती. ती त्यानं ताडपत्रीखाली रचून ठेवली होती.

"कुलूप काढा," मी म्हणालो.

"एवढी माणसं वर घेतली तर स्लॅब खाली येईल ना भाऊ. माझीही बायकापोरं आहेत."

"पाकिटं तरी द्या."

"माझ्या धाब्यावर पडली. म्हणजे कोणाची?"

मी भटूकडे पाहिलं. भटूनं माझ्याकडे. दोघांच्याही मनात बादशाहाची तीच खाट होती. मुद्रा हातात पडली, भविष्यात नाव निघालं, आता फक्त मध मागायचं राहिलंय.

कुलूप तोडायला वेळ लागला असता आणि कारखान्याची भिंत आवाज करू लागली होती. भटू दोन पायऱ्या वर चढला, ताठ झाला आणि परेड ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडला,

"टोपी-बेल्ट उतार!"

आबाशेठचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पांढरी टोपी निघाली. मग हात कमरेला गेला. तिथे लुंगी होती, बेल्ट कुठला? होता फक्त करगोटा, आणि करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा. घाबरलेल्या माणसानं तोच सोडला आणि जाळीतून भटूच्या हातात दिला.

"तेज चल!" भटू म्हणाला. आबाशेठ बोडक्यानं, एका हातानं लुंगी धरून, खरंच गच्चीच्या कोपऱ्यापर्यंत तेज गेले. जिन्यातली माणसं उपाशी होती, भिजलेली होती, आणि तरी हसली. एक म्हातारी बाई भटूला म्हणाली, "अरे भाऊ, हाई पंधरा वरीस पहिले कऱ्हतास ते!" हे पंधरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं, म्हणत होती.

जिना रिकामा झाला. पाकिटं वाटली गेली. आता पत्र्यावरची माणसं. तिथे सुरतेनं आम्हाला गाठलं. कारखान्यातून वाहून आलेलं सूत बोटीच्या पंख्यात गुंडाळलं गेलं आणि मोटर बंद पडली. कापायला घेतलं तर अजून सूत. शेवटी बोटीला दोन्हीकडून दोर बांधले. मी दोन्ही जवानांसह खिडकीशी, भटू पलीकडे पत्र्यावर. तो माणसं बसवायचा आणि दोर सोडायचा, आम्ही ओढायचो. मग बोट रिकामी, आणि तो ओढायचा. पोरं आधी, मग बाया, मग पुरुष.

शेवटच्या खेपेला बोट भरली. एक माणूस जास्त होत होता. तो माणूस भटू. मी वॉकी-टॉकीवर म्हणालो, "तूही बस. ओव्हर."

"बोट बुडी. ही खेप न्या, मंग मले. ओव्हर."

बरोबर होतं. मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो. आम्ही ओढायला लागलो. बोट मध्यावर असताना सेट पुन्हा वाजला.

"राजे, मध शे का? ओव्हर."

उलटं होतं. हे माझं वाक्य होतं. मी लांगरी झालो.

"मध सरी गया, राजे. पानी शे. ओव्हर."

"पानी ते मले बी दखाई राह्यनं. ओव्हर."

पाणी तर मलाही दिसतंय, म्हणाला. तो हसत होता, ते मला सेटशिवायही ऐकू आलं. बोट खिडकीला लागली. मी पहिल्या माणसाला आत ओढून घेतलं आणि मागे कारखान्याची भिंत बसली. आधी भिंत, मग पत्रे. मी सेटवर तीनदा हाक मारली. मग सेट खाली ठेवला, कारण बोटीत माणसं होती आणि ती उतरवायची होती.

पाणी ओसरल्यावर तो मिळाला. दोर मनगटाला गुंडाळलेला होता.

आता मी सुरतेतच नवागामला राहतो. एका कापड मार्केटला सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्या पत्र्यावरची बरीच कुटुंबं इकडेच आली. दर गणपतीत आमच्या गल्लीत बादशाहाची पेशी होते. मुकुट साडीच्या खोक्याच्या सोनेरी पुठ्ठ्याचा, रेशीम डॅमेज मालातलं. बादशाह अजून मीच, पोटानं साथ सोडलेली नाही.

आबाशेठ दरवर्षी येतात. पुरानंतर त्यांचा एका समारंभात सत्कार झाला, पूरग्रस्तांना आपली गच्ची खुली करून दिल्याबद्दल. शाल, श्रीफळ, फोटो. मंडळ त्यांना पहिल्या रांगेत बसवतं, कारण मी तसं सांगतो. बादशाह राशन थांबवतो तेव्हा ते सगळ्यांत जोरात हसतात. वा रे हरामखोर, म्हणतात. आणि स्टेजवरून "टोपी-बेल्ट उतार!" असा हुकूम सुटला की त्यांचा हात डोक्याकडे जातो. दरवर्षी. गल्ली नाटक सोडून तो हात बघायला जमते, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

लांगरीचं काम मी कोणाला दिलेलं नाही. मी खाटेवर पडतो, मध मागतो आणि थांबतो. मग सगळी गल्ली उत्तर देते. घरात गुजराती आणि हिंदी बोलणारी कॉलेजची पोरंसुद्धा एवढं एक वाक्य अस्सल अहिराणीत म्हणतात, "मध सरी गया, राजे. पानी शे."

पडदा पडला की कोणीतरी नवीन माणूस हमखास विचारतो, काका, त्या बादशाहाचं नाव काय हो? मी सांगत नाही. मी मुकुट काढतो, सावधान उभा राहतो आणि एक नाव मोठ्यानं घेतो.

लान्स नायक भटू दौलत सोनवणे.