नवस कोणाला बोलू

आमची सून मीनल सकाळी पाठीवरच्या पिशवीत गहू भरून जिना चढत-उतरत होती. मला वाटलं, गिरणीत निघाली.

"गिरणी उघडली का गं एवढ्यात?"

"दळण नाही आई, सराव चाललाय. पुढच्या महिन्यात डोंगर चढायला परदेशी जायचंय ना!"

टेबलावर दोर होता आणि खिळ्यांचे बूट होते. ते खिळे बर्फात रुततात म्हणे. आमच्या गावच्या डोंगरावर देवी आहे, तिथे आम्ही पायथ्यालाच चपला काढतो. मी विचारलं, "तुझ्या डोंगरावर कोणता देव आहे?"

"कोणीच नाही. नुसता बर्फ."

"मग वर जाऊन करायचं काय?"

"खाली यायचं," म्हणाली आणि हसली.

हे मला कळत नाही. मी जन्मभर डोंगर चढले, ते सरपणासाठी, नाहीतर नवस फेडायला. उगीच कोणी चढत नव्हतं. पण घामाने निथळलेली ही बाई इतकी खूश मी या घरात क्वचितच पाहिली आहे. जाऊ नको म्हणायला तोंड उघडेना. ती धड परत यावी, एवढंच मला हवं आहे. त्यासाठी नवस बोलायचा तर कोणाला? तिथे देव नाही, आणि आमच्या देवीचा हात समुद्रापलीकडे पोचतो की नाही, कोण जाणे.

शेवटी मीनलसमोरच मोठ्याने बोलले, "ही धड परत आली, तर मी या वयातही देवीचा डोंगर चढेन."

"आई, तुमचे गुडघे!"

"देवी ऐको न ऐको, तू ऐकलंस ना? बास."