आपल्याच गोलावर गप्प बसलेलं गाव

कारांदाय गावात क्रिस्पुलो सार्साला सगळे 'प्रोफे' म्हणत. खरं तर त्याने आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तो पंखे दुरुस्त करायचा. पण फुटबॉलचे आकडे त्याला तोंडपाठ. कुठला संघ घरच्या मैदानावर किती गोल खातो, लांबचा प्रवास झाला की कुणाचे पाय शेवटी जड होतात, कुठल्या पंचाला पेनल्टी द्यायची खाज आहे, सगळं. शनिवारी सकाळी बाजारातली माणसं तेरेरे या थंड पाल्याच्या चहाचा पेला एकमेकांकडे फिरवत बसलेली असताना तो गावच्या रेडिओवर उद्याचे निकाल सांगे, आणि त्यातले बरेचसे खरे ठरत. पाद्र्याच्या प्रवचनात डुलक्या काढणारे लोक प्रोफेचा शब्द खाली पडू देत नसत. लगेच पैजा लावत. प्रोफेलाही ते गोड वाटे. वाटायचंच, माणूसच तो.

त्या वर्षी गावच्या संघाचा शेवटचा सामना राजधानीच्या तगड्या संघाशी होता. जिंकले तर वरच्या गटात टिकणार, नाहीतर खाली घसरणार. आघाडीला पहिल्यांदाच उतरणार होता मिल्सियादेस. त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी क्रिस्पुलोने हातांवर धरलं होतं, म्हणून पोरगा त्याला पाद्रिनो, धर्माचा बाप म्हणे. खरा बाप अर्जेंटिनात कामाला गेला तो तिकडचाच झाला. पोराला पहिले बूट घेऊन दिले ते क्रिस्पुलोनेच.

"प्रोफे, उद्या आपलं काय?" रेडिओवरच्या निवेदिकेने विचारलं.

क्रिस्पुलो घुटमळला. पाहुणे त्या मोसमात कुठेच हरले नव्हते. आपली पोरं घरच्या मैदानावर गोलासाठी तरसत होती. खोटं बोलावं तर इतक्या वर्षांचं नाव जाणार.

"मन म्हणतं जिंकू," तो म्हणाला, "आकडे म्हणतात हरू. आणि आकड्यांना मामा-मावशी नसतात!"

बाजार खो खो हसला, आणि दुपारपर्यंत त्याच बाजाराने मोबाईलवरून गुपचूप पाहुण्यांवर पैसे लावले. क्रिस्पुलोनेही लावले. पैजेने काय पोरांचे पाय बांधले जातात, असं त्याने स्वतःला समजावलं.

संध्याकाळी चिपा, म्हणजे चीजचे पाव, भाजून विकणारी न्या पोर्फिरिया, मिल्सियादेसची आई, त्याच्या दुकानात आली.

"कोंपाद्रे," पोराच्या धर्माच्या बापाला म्हणतात तसं ती म्हणाली, "खरं सांगा. लावू का?"

"कशावर?"

"आता ते माझ्या तोंडून नका वदवू." तिने मान खाली घातली. "हरल्याचं दुःख तर होणारच आहे. निदान भट्टीवर छप्पर तरी येईल."

इथे तरी त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण आपलं भाकीत आपणच खोटं कसं पाडायचं?

"आकडे तसंच म्हणतात," तो म्हणाला.

रविवारी मैदान फुलून गेलं. निळे सदरे, झेंडे, ढोल सगळं होतं. पण त्या सदऱ्यांच्या आत गाव आपल्याच पोरांच्या पराभवासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं. पाहुण्यांचा नेम चुकला की कुणीतरी 'च्च' करी आणि लगेच खोकून सारवासारव करी.

सामना संपत आला तरी कुणाचाच गोल नव्हता. तेवढ्यात मिल्सियादेस उजवीकडून सुटला, त्याने दोघांना चकवलं आणि चेंडू जाळ्यात मारला.

कुणी ओरडलं नाही. ढोलावर पडणारी काठी हवेतच राहिली. "मेल्या!" क्रिस्पुलोच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने डोकं धरलं. शेजारी न्या पोर्फिरिया "घात झाला!" म्हणत मटकन बसली. आपण काय बोललो ते कळताच तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. क्रिस्पुलोचे हात मात्र उचलेनात. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि खा म्हणून सांगणारा तो होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

त्या एका गोलावर गाव जिंकलं, म्हणून दुसऱ्या दिवशी रेडिओवर मिल्सियादेसला बोलावलं. क्रिस्पुलो टाळत होता, पण पोराने त्याला हात धरून आणलं.

"गोल झाला तेव्हा काय वाटलं?" निवेदिकेने विचारलं.

"आधी घाबरलोच," पोरगा लाजत म्हणाला. "एवढं मैदान, आणि श्वासाचाही आवाज नाही! मग वर बघतो तर आई तोंड झाकून रडतेय, पाद्रिनोंनी डोकं धरलंय. तेव्हा कुठे लक्षात आलं. आनंदाने वाचाच बसली होती हो सगळ्यांची! असं गाव कुणाला मिळतं, सांगा?"

निवेदिका टेबलाकडे बघत राहिली. पैसे तिनेही लावले होते. खिडकीबाहेर रेडिओ ऐकणारी माणसं एकमेकांची नजर चुकवत होती.

"हो ना, पाद्रिनो?" मिल्सियादेसने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

माइक क्रिस्पुलोपुढे सरकवला गेला.

"हो रे बाळा," तो म्हणाला. आणि हे खोटं आहे हे त्या गावात एका मिल्सियादेसला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.