वेदीवरून उचललेलं दान

गुरुजींनी ती दोन बोटांत धरली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी. आणि सगळ्या मंडळीसमोर विचारलं, "ही कुणाची?"

माय शेवटच्या चटईवरून उठली. "माझी हाय, गुरुजी."

"केरसुणी? वेदीवर? अगं, इथं प्रभुभोजन मांडतात. काही कळतं का न्हाई तुला?"

पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "पुढच्या वर्षी खराटा आणंल." लोक हसले. देवळात बसून हसले. गुरुजींनी केरसुणी दाराबाहेर नेली आणि चपलांवर टाकली.

तो कापणीचा सण होता. पाटोद्याच्या अलीकडे आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं थोडी, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. सणाला ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं वेदीवर आणायचं. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्यावर प्रार्थना करतात. मग अंगणात लिलाव. आम्हाला शेत नव्हतं. मायच्या हातात पिकायच्या त्या केरसुण्या. शिंदीची पानं आणायची, सुकवायची, चिरायची, वळायची, पाटोद्याच्या बाजारात विकायची. सणासाठी तिनं कोवळी पानं वेगळी काढली होती. मूठ दोनदा आवळली होती. "पयली त्याची," म्हणाली होती.

मी पाचवीत होते. माय खाली बसली आणि तिनं पदराचं टोक दातात धरलं. मी वेदीकडे पाहत राहिले. कोंबडीनं तिथल्या पांढऱ्या कपड्यावर घाण केली होती. तिला कुणी उचललं नाही.

आम्ही मांग. ख्रिस्ती मांग. गुरुजी दुसऱ्या जातीतले; त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले. माझे आजोबा बाप्तिस्मा घेऊनही दोर वळत राहिले. गावातले जमीनवाले दोघांच्याही घरी पाणी पीत नव्हते. तरीही देवळात चटया वेगळ्या. प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं ताट आमच्याकडे सगळ्यात शेवटी. असा नियम कुणी सांगितला नव्हता. सगळ्यांना माहीत होता.

आता दुसरं लिहिते, तेही खरं आहे. मंडळीचे मुख्य पंच म्हणून गुरुजींनीच मला बीडच्या वसतिगृहात घातलं. स्वतः एसटीत माझ्याशेजारी बसून आले. वसतिगृहाच्या बाईंना म्हणाले, "हुशार हाय पोरगी. सांभाळा." ते नसते तर मी आज पानं चिरत असते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी त्यांच्यामुळे झाले. हे उपकार मी विसरले नाही. पण उपकारानं अपमान पुसला जात नाही. हे कळायला मला फार वर्षं लागली.

वसतिगृहात रोज संध्याकाळी बायबलातलं वचन वाचायचं. बीएला असताना मी वेदीविषयी जिथं जिथं लिहिलंय ते सगळं वाचून काढलं. मला वाटायचं, वेदी म्हणजे उंच जागा. मोठ्या माणसांनी उभं राहायची. तसं नाही. वेदी म्हणजे सोडून देण्याची जागा. तिथं ठेवलं की ते आपलं राहत नाही, देवाचं होतं. म्हणून तर आम्ही क्रूसालाही वेदीच म्हणतो. तिथं ख्रिस्तानं स्वतःलाच ठेवलं.

हे वाचताना मला तो सण आठवला. मायनं ठेवली तेव्हाच ती केरसुणी मायची राहिली नव्हती. मग गुरुजींनी चपलांवर टाकली ती कुणाची वस्तू?

आणखी एक वचन सापडलं. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर. मग ये. लहानपणापासून ऐकलेलं वचन. आमच्या मंडळीत ते कुणी कुणासाठी वाचलं नव्हतं.

मागच्या वर्षीच्या सणाला मला वाचनासाठी बोलावलं. मी आता परळीला शाळेत शिकवते. गुरुजी उभे राहिले. म्हातारे झालेत, आवाज तोच. "आपल्या मंडळीची लेक. ये बाळ, पुढं बस." टाळ्या वाजल्या. माय शेवटच्या चटईवर होती.

मी तेच वचन वाचलं. पुस्तक मिटलं. म्हणाले, "गुरुजी, माझ्या मायचं दान तुम्ही या वेदीवरून उचलून बाहेर टाकलं होतं. आधी तिची माफी मागा."

गुरुजी हसले. "कधीचं गं? मला तर आठवतसुद्धा न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. खरंच आठवत नव्हतं. ते मला जास्त लागलं.

मी सगळं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. "आमी शिकवलं, अन् आता आमालाच शिकवतीस?"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाळ, उपासना झाल्यावर बोलू."

"साहेब, आधी बोला असं लिहिलंय."

गीत सुरू झालं. मग प्रभुभोजन. गुरुजी ताट घेऊन माझ्यासमोर आले.

"घे."

"न्हाई."

ताट माझ्यासमोर थोडा वेळ थांबलं. मग पुढं गेलं. सगळं फिरून शेवटी मायपर्यंत पोचलं. मायनं घेतलं.

घरी जाताना ती माझ्या पुढं पुढं चालत होती. वळून म्हणाली, "कावून केलंस असं? देवाच्या घरी भांडण? मी म्हणले व्हते का, माफी मागाया लाव?"

"तू कदी बोलली न्हाईस. म्हणून मी बोलले."

"लई शिकलीस." एवढंच बोलली. त्या दिवशी तिनं माझ्या ताटात भाकर वाढली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

वर्ष होऊन गेलं. गुरुजी आमच्या वस्तीत आले नाहीत. लोक मला समजावतात. म्हातारा माणूस आहे, किती दिवसांचा सोबती, सोडून दे. परळीतल्या चर्चला जा, तिथं कोण ओळखतं तुला, असंही म्हणतात. मी गुरुजींसाठी रोज प्रार्थना करते. त्यांचा राग करत नाही. पण परळीतल्या चर्चला जाणार नाही. ही वेदी त्यांच्या घरची नाही, मी ती त्यांच्या ताब्यात देणार नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गावी येते. आता मायशेजारी, शेवटच्या चटईवर बसते. ताट येतं. माय घेते. मी हात मांडीवर ठेवते.

गुरुजी ज्या दिवशी मायच्या दारात येतील, त्या दिवशी मी प्रभुभोजनाची भाकर घेईन. नाही आले तर उपाशी राहीन. इथंच, वेदीसमोर बसून.