कुडीची फिरकी

माझ्या बायकोच्या कानातली कुडी सराफाकडे मिळत नाही. ती मी केलेली आहे, आणि ती नवी म्हणायची की नाही यावर एका सरकारी कार्यालयात रीतसर वाद झालेला आहे. त्या वादात आमच्या बाजूनं बोलायला जी बसली होती, तिनंच आमचं अर्धं प्रकरण पाण्यात घातलं. तीच ही बायको. तिचं कौतुक करायला बसलोय, म्हणून आधी तक्रार सांगून मोकळा होतो.

मी चामोर्शीला राहतो आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेली सर्किटं पोरांकडून जोडून घेतली. बायको झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. धान निघालं की आमच्या भागात नाटकांचा हंगाम लागतो आणि वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. नवीन नाटकाच्या तालमी जेमतेम होतात, त्यामुळे नट उभा राहतो तो विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर. गाणं मात्र ज्याचं त्यानं गायचं, ऑर्गन-तबल्यावर, लोकांसमोर. रेकॉर्ड लावून ओठ हलवणाऱ्याला आमचे लोक दुसऱ्या वर्षी गावात बोलावत नाहीत.

एका आजारपणात तिचा डावा कान गेला आणि उजवा अर्धा राहिला. डॉक्टरनं दिलेलं यंत्र घरात बरं चालायचं. स्टेजवर ते ऑर्गन, तबला, टाळ्या, पोरांची रडणी सगळं मोठं करून द्यायचं आणि त्यात प्रॉम्प्टर बुडून जायचा. दोनदा वाक्य चुकलं तेव्हा मंडळीच्या मालकानं तिला हळूच "आईच्या भूमिका" सुचवल्या. ती घरी आली आणि जेवली नाही. तिला जेवण नकोसं झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी कामाला लागलो. प्रॉम्प्टरच्या तोंडाशी छोटा माइक, आणि तिच्या कानात बिनतारी इयरफोन, म्हणजे फक्त त्याचाच आवाज पोचेल. बाजारातले इयरफोन लावून पाहिले. सत्ययुगातल्या राणीच्या कानात पांढरी प्लास्टिकची दांडी लोंबते, हे काही खपण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळा संसार मी तिच्या मोत्याच्या कुडीत भरला: बॅटरी, सर्किट, स्पीकर. तिथून कानाच्या भोकापर्यंत आवाज नेणारी पारदर्शक नळी गेली, ती बटेखाली झाकता येई.

चार्जिंगचा पेच मोठा होता. कुडीला पिन खुपसायचं भोक ठेवलं की घाम आणि मेकअपचा रंग आत जाऊन बसे. उत्तर सापडलं आठवडी बाजारात. कानातली विकणाऱ्या बाईच्या दुकानात पुठ्ठ्याच्या कार्डांवर कुड्या टोचून ठेवलेल्या असतात, मागून फिरकी लावलेली. मी तिथंच उभा राहिलो, इतका की त्या बाईनं विचारलं, "भाऊ, बाईसाठी पाह्यजे का सोतासाठी?" कुडीला मळसूत्री दांडी असतेच. तिचं टोक हा एक संपर्क, बुडाची कडी हा दुसरा. कार्डात टोचली की चार्ज, काढून कानात घातली की दागिना. मला त्या दिवशी स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना.

त्या हंगामात बायको पुन्हा नायिका झाली. हंगाम संपल्यावर ती म्हणाली, "हे कुडीवरचं इवलंसं बटन आन् लाईट काढून टाका. नखानं दाबता दाबता परवेश येऊन जाते. फिरकी लावली का चालू, फिरकी काढली का बंद, असं नाई होत का?"

मी म्हणालो, नाही होत. आठवडाभर म्हणत राहिलो. मग करून पाहिलं तर झालं. दांडीत एक बारीक टाचणी बसवली. फिरकी घट्ट केली की टाचणी आत दबते, इयरफोन सुरू होतो, आणि बॅटरी दांडीपासून तुटते, त्यामुळे कानाला झिणझिण्या येत नाहीत आणि दांडीला हिरवं किटणही धरत नाही. किटण का धरतं हे मला महिनोन् महिने सुटलं नव्हतं. तिनं ते बटणाला कंटाळून सोडवलं.

पेटंटचा अर्ज मी दोघांच्या नावानं केला. नागपूरच्या एजंट बाईंनी दावे लिहिले. पहिला दावा माझा, चांगला ऐसपैस: जिची दांडी हाच चार्जिंगचा संपर्क आहे अशी कुडी आणि तिचं कार्ड. शेवटी एक पिटुकला दावा तिच्या फिरकीचा. खरं सांगतो, मला पैशाची आस नव्हती. निवृत्तीच्या आधी एक तरी वस्तू अशी हवी होती की जी माझ्या आधी जगात नव्हती, आणि तसं कुणीतरी लिहून दिलेलं असावं. पहिला दावा मंजूर होणं म्हणजे माझ्यासाठी तेच होतं.

तपासणीचा अहवाल आला. परीक्षकानं परदेशातले कानातल्याच्या आकाराचे इयरफोन शोधले होते, चुंबकाच्या डब्या शोधल्या होत्या, पण दांडीतून चार्ज होणारं काही त्याला सापडलं नव्हतं. वाचता वाचता मी खुर्चीत ऐसपैस झालो. मग शेवटचा आक्षेप आला. अर्जाच्या आधीच हा शोध लोकांसमोर उघड झालेला आहे, सोबत व्हिडिओची लिंक. म्हटलं, कोणत्या चोरानं केलं हे?

वर्कशॉपमध्ये पोरं सोल्डरिंग करत होती. मी कोपऱ्यात जाऊन लिंक उघडली. एटापल्लीकडचं एक गाव, मंडपात माणूसच माणूस, आणि स्टेजवर माइक हातात घेऊन राणीच्या वेषात माझी बायको. "माया कानात गानं वाजते असं कोनी म्हनून राह्यलं," ती सांगत होती. "लाईट दिसला त्याहिले. बरोबर दिसला. पन ह्याच्यात गानं नाई, ह्याच्यात आमचा प्रॉम्प्टर हाये. मले आयकू येत नाई, म्हनून माया नवऱ्यानं बनवलं." मग तिनं कुडी काढली, दांडी दाखवली, मेकअपच्या पेटीतून कार्ड मागवलं, ते कसं टोचायचं आणि चार्जिंग कसं होतं ते सांगितलं, आणि गावच्या एका म्हाताऱ्याच्या कानाशी ती धरून प्रॉम्प्टरला बोलायला लावलं. म्हातारा दचकला, लोक हसले. त्यानंतर तिनं कुडी त्याच्याच हातात ठेवली आणि कानात काही न घालता आख्खं गाणं म्हटलं.

इतकं सुरात म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची ती निम्म्यात थांबली. तरी घरी जाऊन मी घर डोक्यावर घेतलंच.

"मले का ठाऊक, दाखवलं का नवं राहत नाई म्हनून?" ती म्हणाली. "आन् त्याच्यानंच तर मी तुमाले लाईट काढा म्हनलं. फिरकी त्याच्यातूनच निंगाली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. लोकांनी संशय घेतला, तिनं तो फेडला, तिच्या लेखी विषय संपला.

एजंट बाई फोनवर शांत होत्या. त्यांनी कायद्यातली एक वाट दाखवली. अर्जाच्या आधीच्या वर्षभरात शोधाची चाचणी घ्यावी लागली, आणि ती लोकांसमोर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तर त्यानं नवेपण जात नाही. मी उडालोच. प्रॉम्प्टरचा इयरफोन लोकांसमोर नाही तपासणार तर काय गोठ्यात तपासणार? व्हिडिओ वर्षाच्या आतला होता. एजंट बाई म्हणाल्या, "वापरणं चाचणीत बसतं. उघडून दाखवणंही चाचणीचाच भाग होता का, हे तुम्हाला विचारतील. सगळं त्या उत्तरावर आहे." उत्तर काय द्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र बायकोला पुष्कळ सांगितलं. प्रॉम्प्टरच्या वर सांगितलं.

सुनावणी व्हिडिओवर होती, दुपारची. आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. पलीकडे अधिकारी मॅडम आणि दुसऱ्या चौकटीत एजंट बाई. मॅडम मराठीच होत्या, बोलायला स्वच्छ, आणि त्यांनी अर्ज शब्द न् शब्द वाचलेला होता. दांडीच्या कडीबद्दल त्यांनी मला जे विचारलं ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं आजवर विचारलेलं नाही. मी खुशीत उत्तरं देत होतो. मग त्या म्हणाल्या, "आता मला दुसऱ्या अर्जदारांना विचारायचं आहे."

बायकोला लॅपटॉपचा आवाज नीट ऐकू येईना. तिनं कार्डावरची कुडी काढली, कानात घातली, फिरकी घट्ट केली. ती लॅपटॉपला मीच कधीतरी जोडून ठेवली होती, त्यामुळे कुडी सुरू झाली आणि लॅपटॉपचा आवाज माझ्यासाठी बंद पडला. तो आता तिच्या कानात होता.

मी बघत राहिलो. मॅडमचे ओठ हलत होते. एजंट बाईंनी एकदा मान हलवली. काय विचारलं जातंय याचा मला पत्ता नव्हता, आणि ज्या यंत्रानं मला बाहेर काढलं होतं ते मीच तयार केलं होतं. बायकोनं कुडीला बोट लावून दाखवलं, फिरकी काढून पुन्हा लावली, "बटन नाई, हेच बटन," असं म्हणाली. मग मॅडम थोडं लांब बोलल्या. बायको सरळ बसली. राणीची भूमिका करताना बसते तशी.

"नाई मॅडम," ती म्हणाली. "तपासून पाहाले नाई दाखवलं. मशीन तं चांगली चालूनच राह्यली होती. लोकाहिले वाटलं का मी फसवून राह्यली. म्हनून दाखवलं."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिनं तो काढून घेतला.

"दाखवाची गरज मशीनले नव्हती," ती पुढं म्हणाली. "मले होती."

त्यानंतर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायची इच्छाही राहिली नव्हती. सुनावणी संपली. मी म्हटलं, "एक 'हो' म्हणायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "मले इच्यारलं ना तिनं, तुमाले नाई." आणि भात चढवायला आत गेली. मी रागावलो होतो, आणि त्याच वेळी असं वाटत होतं की हिला ओळखतो म्हणता म्हणता इतकी वर्षं मी हिचं फक्त नाटक पाहत आलो. इतक्या लोकांसमोर आपलं बहिरेपण माइकवरून सांगणारी बाई एका मॅडमसमोर खोटं कशाला बोलेल? हे मला आधीच कळायला हवं होतं, पण कळलं ते त्या दिवशी, आणि राग टिकेना.

निकाल पावसाळा सरता सरता आला. पहिला दावा नामंजूर. दांडी आणि कार्ड अर्जाच्या आधीच लोकांना दाखवलेलं आहे, आणि ते चाचणीसाठी नव्हतं असं अर्जदारांनी स्वतः स्पष्ट सांगितलं आहे, असं कारण. म्हणजे माझी ती बाजारातली हुशारी आता कुणीही उचलावी, कुणाला विचारायचं काम नाही. त्याखाली फिरकीचं होतं. व्हिडिओत बटण आहे, फिरकीचा उपाय नाही, तो कुठल्याही जुन्या कागदात नाही, आणि या क्षेत्रातल्या जाणकाराला तो सहज सुचला नसता. फिरकी मंजूर. पेटंट त्या एका दाव्यावर मिळालं.

जाणकाराला सहज सुचला नसता. तो जाणकार म्हणजे मीच की! आठवडाभर "नाही होत" म्हणत बसलेला.

बायको अंगणात खाटेवर बसून कुडी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत होती. हंगामाची तयारी सुरू झाली होती. मी तिच्याजवळ बसलो, तिच्या डाव्या बाजूला, आणि निकाल सांगितला.

"काय?" ती म्हणाली.

मी जरा मोठ्यानं सांगितलं.

"काय म्हनता?"

"माझं सगळं गेलं!" मी ओरडलो. "तुझी फिरकी राहिली! पेटंट तुझ्या फिरकीवर भेटलं!"

शेजारची बाई कुंपणापाशी आली आणि काय झालं म्हणून बघू लागली. बायकोनं तिला हातानंच काही नाही म्हटलं. मग तिनं कुडी कानात घातली, फिरकी घट्ट केली, पेटीतून प्रॉम्प्टरचा माइक काढून माझ्या हातात दिला. "आता हळू सांगा," ती म्हणाली. "गावाले कायले सांगता?"

मी माइक तोंडाशी धरला. निकाल पुन्हा सांगावा असं वाटेना. मी म्हटलं, "तू त्या दिवशी खरं बोललीस, ते मला फार आवडलं. मला तुझा अभिमान वाटतो." हे वाक्य मी तिला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते अडखळत गेलं.

तिनं मान खाली घालून पूर्ण ऐकलं.

"वाक्य चांगलं हाये," ती म्हणाली, "पन आवाज कापून राह्यला तुमचा. पुन्हा घ्या."

मी पुन्हा घेतलं.