काटेवाल्या भाऊजींची उजवी बाजू

शर्यतीच्या मैदानावर आमच्या भाऊजींना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. शर्यत संपली की पुढे आलेल्या गाड्या थेट त्यांच्या शेडमध्ये यायच्या, वजनकाट्यावर चढायच्या, आणि भाऊजी मोजपट्टी नि टॉर्च घेऊन त्यांच्याभोवती फिरायचे. त्यांनी मान हलवली की निकाल पक्का. तोपर्यंत जिंकणाऱ्याने कपाला हात लावायचा नाही.

तिथलं कँटीन माझं. खिडकी बरोबर शेडच्या समोर, त्यामुळे ऑम्लेट उलटता उलटता मला सगळं दिसतं. मला स्वतःला त्या गाड्यांचं काडीचं कौतुक नाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं कान फाटेस्तोवर गोल गोल फिरतात, निघाली तिथेच परत येतात, आणि वर दमलो म्हणून माझ्याकडे सरबत मागतात. पण भाऊजींची तपासणी बघायला मला आवडायचं. एरवी घरात चष्मा कुठे ठेवला ते न आठवणारा माणूस तिथे वेगळाच दिसायचा.

आठवडाभर त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. शर्यतीच्या दिवशी हे काम. मानधन नावापुरतं, पण त्या शेडच्या किल्लीवर त्यांचा जीव. माझी ताई म्हणायची, लग्नाआधी यांनी मला नक्की चोरून जोखलं असणार. यावर भाऊजी एवढंच म्हणायचे की तेव्हाचं वजन आता धरू नये.

मैदानावर संघ बरेच, पण खरी लढत निळ्यांची आणि पिवळ्यांची. निळ्यांचे मालक ट्रकवाले, पिवळ्यांचा मॅनेजर टायरच्या धंद्यातला. दोघे एकमेकांना पाण्यात पाहायचे. नियमात अमुक करू नका असं लिहिलेलं असलं की ते सोडून बाकी सगळं करून बघायचं, आणि पकडलं गेलं की ‘असं कुठे लिहिलंय’ म्हणून विचारायचं, हा दोघांचाही खाक्या. गाडीचं वजन ड्रायव्हरसकट करतात. तर एकदा पिवळ्यांचा ड्रायव्हर शर्यतीनंतर कपडे बदलायच्या निमित्ताने आत गेला आणि अंगरख्याखाली शिशाचा पट्टा बांधून आला, म्हणजे हलकी गाडी काट्यावर भारी भरावी. भाऊजींनी त्याला काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, जरा बसता का खाली, बुटाची नाडी सुटली आहे. तो वाकला तो वर येईना. मैदानभर हसं झालं. तेव्हापासून काटेवाल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही असा लौकिक झाला, आणि भाऊजींनाही तो आवडायला लागला. आवडायला लागला हे वाईट झालं असं माझं मत आहे.

कारण त्यानंतर वर्षभरात ते घरच्या जिन्यावरून पडले. उजवा गुडघा गेला. चालताना कळायचं नाही, पण तो गुडघा मुडपून खाली बसणं बंद झालं. शेडमध्ये काट्याच्या डाव्या बाजूला लोखंडी कठडा होता. तो धरून, उजवा पाय लांब करून, भाऊजी कसेबसे खाली जायचे आणि टॉर्च मारून गाडीचं पोट बघायचे. उजव्या बाजूला भिंत आणि गाडी यांच्यात जेमतेम माणूस मावेल एवढी जागा, धरायला काही नाही. तिथे ते उभ्या उभ्या एक फेरी मारायचे आणि सही करायचे. गाडी जॅकवर चढवून बघावी म्हटलं तर चाकं लोंबतात आणि मापं बदलतात, म्हणून तपासणी जमिनीवर उभ्या गाडीचीच करायची असा नियम. गुडघा गेल्याचं मैदानावर कळलं असतं तर किल्ली दुसऱ्याकडे गेली असती. त्यामुळे ही गोष्ट घरात राहिली. ताई, मी आणि ठमी, बस.

ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची. निळ्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. बाप तपासणीला आणि मुलगी संघात, यावर सुरुवातीला कुजबुज झाली, तेव्हा भाऊजींनी पहिल्याच शर्यतीत निळ्यांची गाडी दोन बोटं जास्त रुंद म्हणून बाद केली. मग कुणी काही बोललं नाही. ठमी मात्र आठवडाभर बापाशी बोलली नाही, आणि भाऊजी आठवडाभर तिचा राग बघून मनातल्या मनात खूश होते.

डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम दिले होते. रोज संध्याकाळी भाऊजी पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवे व्हायचे, पाय वर-खाली करायचे, आणि मग त्यांना उठवायचं काम ठमीचं. ती त्यांच्या उजव्या काखेखाली खांदा घालायची, ते डावा तळवा जमिनीला टेकवायचे, आणि ती मोजायची, “एक, दोन, अडीच.” अडीचलाच उचलायची. तीन म्हणेपर्यंत थांबलं तर भाऊजी आधीच अंग आखडून घेतात आणि मग दुखतं, हे तिनेच शोधून काढलेलं. ताईला ते जमायचं नाही, मला तर मुळीच नाही. एकदा मी प्रयत्न केला तेव्हा आम्ही दोघंही सतरंजीवर होतो.

त्या मोसमात निळे लागोपाठ जिंकायला लागले. आधी मागे राहणारी गाडी वळणावर रस्त्याला चिकटून निघायला लागली. निळ्यांचे मालक माझ्या कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजायला लागले, यावरूनच खरं म्हणजे मला संशय यायला हवा होता. पिवळ्यांचा मॅनेजर धुसफुसत होता. दर शर्यतीनंतर तो शेडच्या दाराशी उभा राहायचा, आणि दर वेळी भाऊजी मान हलवायचे.

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीतही निळेच पहिले आले. गाड्या काट्याकडे वळत असतानाच मॅनेजर मोठ्या वळणाकडून चालत आला. त्याच्या हातात वीतभर लांबीचा काळ्या रबराचा तुकडा होता. वळणावर निळ्यांच्या गाडीखालून पडला असं त्याचं म्हणणं. त्याने तो स्पर्धाप्रमुखांच्या टेबलावर ठेवला आणि रीतसर तक्रार केली. गाडीच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावली की कडेने आत शिरणारी हवा अडते आणि गाडी रस्त्याला धरून राहते. नियमात याला साफ मनाई आहे. शिवाय या मैदानाची बहुतेक वळणं एकाच हाताची, त्यामुळे एका बाजूला पट्टी असली तरी काम भागतं. मॅनेजर म्हणाला, उजवी बाजू बघा.

निळ्यांचे मालक हसले. दर वेळी बघतातच की काटेवाले, असं म्हणाले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यांनी ते भाऊजींकडे न बघता ठमीकडे बघून केलं होतं. ठमी गाडीच्या मागे हातात पाना धरून उभी होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

नंतर तिने मला सगळं सांगितलं. गॅरेजात पट्टी करायचं ठरलं होतं, लपवायची कुठे यावर सगळ्यांची डोकी चालत होती. तिथे तिचं कुणी फारसं ऐकत नसे. नट आण, तेल पूस, एवढंच. त्या दिवशी ती सहज बोलून गेली, उजव्या कडेला आतून घडी घालून लावा, तिथे वाकत नाहीत. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मालकांनी तिला स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं आणि ते काम तिच्याच हाती दिलं. एकाच शर्यतीपुरतं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. मला त्या पोरीचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. आणि तिसऱ्या दिवशी आठवलं की आयुष्यात पहिल्यांदा त्या गॅरेजात तिला कुणी खुर्ची दिली होती, तेव्हा रडूही आलं.

पण शेडमध्ये तेव्हा हे निळ्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊजी रबराचा तुकडा बोटांत फिरवत होते. स्पर्धाप्रमुख म्हणाले की कुणाला तरी मदतीला देतो. मॅनेजर म्हणाला, मीच बघतो वाकून. भाऊजींनी त्याला अडवलं, संघाच्या माणसाने गाडीला हात लावायचा नाही. मग टॉर्च घेतला, भिंत आणि गाडीच्या मधल्या जागेत गेले आणि भिंतीला पाठ घासत घासत खाली उतरले. शेवटच्या हातभर अंतरात धप्पकन पडले. मी गॅस बंद केला आणि खिडकीतून अर्धी बाहेर आले.

ते कुशीवर वळले, डोकं गाडीच्या कडेखाली घातलं. टॉर्च बराच वेळ एकाच जागी होता. मग त्यांनी हात घालून काहीतरी ओढलं आणि लांबलचक काळी पट्टी खाली लोंबली.

“पट्टी आहे,” ते आतून म्हणाले. “गाडी बाद.”

पिवळ्यांनी एकच कल्ला केला. निळ्यांचे मालक नियमांच्या पुस्तकात बोट घालून काहीतरी शोधायला लागले. स्पर्धाप्रमुखांनी निकालाचा कागद ओढला. या गडबडीत भाऊजी अजून जमिनीवरच होते. आधी सगळ्यांना वाटलं, आणखी काही बघताहेत. मग टॉर्च विझला. त्यांनी डावा तळवा टेकवला, जोर लावला, पुन्हा खाली बसले. पुन्हा लावला. भिंतीला धरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. हळूहळू लोक तिकडे वळून बघायला लागले.

ठमीने तिथेच उभं राहायला हवं होतं, असं नंतर गॅरेजातले म्हणाले. बापाने तिचं नाव घेतलं नव्हतं, घेतलंही नसतं. दुसऱ्या कुणीतरी त्यांना ओढून उठवलं असतं, पाय मुरगळला म्हणून वेळ निभावली असती, आणि पट्टीची जागा कुणाच्या डोक्यातून निघाली हे कधी बाहेर आलं नसतं. ठमीने पाना काट्यावर ठेवला, त्या चिंचोळ्या जागेत शिरली आणि खाली बसून त्यांच्या उजव्या काखेखाली खांदा घातला. जागा बरोबर माहीत होती तिला, चाचपडावं लागलं नाही.

“एक, दोन, अडीच,” ती म्हणाली, आणि भाऊजी उभे राहिले.

पिवळ्यांचा मॅनेजर कधी बाप-लेकीकडे बघत होता, कधी त्या उजव्या बाजूकडे. सगळ्यांनाच कळलं होतं. भाऊजींनी ठमीकडे बघितलं. मी त्या माणसाला पंचवीस-तीस वर्षं ओळखते, पण असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. ते तिच्या खांद्यावरचा हात न काढता स्पर्धाप्रमुखांना म्हणाले, “आणखी एक लिहून घ्या. गुडघा गेल्यापासून मी एकाही गाडीची उजवी बाजू बघितलेली नाही. सह्या केल्यात.”

स्पर्धाप्रमुख हळू आवाजात म्हणाले की हे कुणी विचारलेलं नाही. भाऊजी म्हणाले, “मी सांगतोय ना.” आणि खिशातून शेडची किल्ली काढून टेबलावर त्या रबराच्या तुकड्याशेजारी ठेवली.

मागचे निकाल तसेच राहिले, कारण आता काय बघणार. कप पिवळ्यांना गेला. ठमीला निळ्यांनी काढलं, आणि पिवळ्यांनीही घेतलं नाही. ती आता बसगाड्यांच्या डेपोत काम करते, आणि तिथे तिचं ऐकतात असं म्हणते. काट्यावर एक तरुण इंजिनिअर आला आहे. तो दोन्हीकडून वाकतो. माझ्याकडे चहा पितो आणि पैसे विसरतो.

घरात मात्र बरेच दिवस बोलणं बंद होतं. ताई दोघांच्या मधे बसून जेवण वाढायची आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची. भाऊजींनी व्यायाम सोडून दिला होता, कारण आडवं झालं तर उठवणार कोण. पाय पुन्हा जड व्हायला लागला तेव्हा ताईने मला बोलावून घेतलं, तू सांग म्हणजे ऐकतील म्हणून. मी गेले तेव्हा ते सतरंजीवर आडवे होते. सतरंजी माझ्या येण्याआधीच घातली होती कुणीतरी. पाय वर-खाली करून झाले. ठमी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत येत नव्हती.

भाऊजी छताकडे बघतच म्हणाले, “ये.”

ती आली, बसली, खांदा घातला. त्यांनी तळवा टेकवला. तिने एक म्हटलं, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

“आता तीनपर्यंत मोजायचं,” ते म्हणाले.

“दुखेल, बाबा.”

“दुखू दे. पूर्ण तीन.”

तिने मोजलं. तीन म्हणताना तिचा आवाज फाटला. भाऊजींनी अंग आखडलं होतंच, उठताना ओठ दाताखाली धरले होते. उभे राहिले तरी खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही, आणि तीही तशीच उभी राहिली.